पाय द्या हिकडं

आळंदीच्या दिंडीत कळव्याहून पहाटे चारला निघालो. विटावा, दिघा, रबाळे अंधारातच मागे पडले. कार्तिकातली हवा तेव्हा गार होती, काकड्याचे अभंग चालू होते. घणसोलीला ऊन चढलं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याचं काँक्रीट चपलेतून भाजायला लागलं. टँकर अंगावरून गेल्यासारखे जात होते. माझ्यामागची बाई टाळ सतत अर्धी मात्रा आधी वाजवायची. तोंडाने रामकृष्णहरी म्हणत होते आणि पोटात तिचा राग साचत होता. दोन्ही खरंच होतं.

तुर्भ्याला डाव्या टाचेवरचा फोड बोराएवढा झाला. मार्केटातल्या माथाडींनी रस्त्याकडेला केळी-पाणी मांडलं होतं. मी दिंडीतून बाजूला झाले, तर तिथला एक पन्नाशीचा माणूस म्हणाला, "माउली, बसा. पाय द्या हिकडं."

मी पाय मागे घेतला. परक्या माणसाच्या हातात पाय कसा द्यायचा?

तो सरळ मातीत मांडी घालून बसला. तेव्हा मला आई दिसली. कळव्याच्या चाळीत दाराशी कोणी मागायला आलं की आई ताट घेऊन उंबऱ्यावर बसायची, त्यालाही समोर बसवायची, मग वाढायची. मी एकदा उभ्यानेच भाकरी हातावर टेकवली, तर रात्री म्हणाली, "उभ्यानं दिलेलं भिरकावल्यासारखं होतं गं." मी बँकेत काउंटरवर असते. पेन्शनचे म्हातारे आले की बाहेर येऊन बाकावर त्यांच्याशेजारी बसते, फॉर्म तिथेच भरते. साहेबांनी त्यावरून दोनदा ऐकवलंय. पण आईने घ्यायचं कसं ते कधी शिकवलं नाही. तिने स्वतः कुणाकडून काही घेतलेलं मला आठवतच नाही.

शेवटी पाय दिला. त्याने टोपीच्या घडीतून सुई काढली, पेटत्या काडीवर धरली, दोरा ओवून फोडातून आरपार नेला आणि दोन्ही टोकं तशीच बाहेर ठेवली. "वढू नका, पाणी झिरपून जाईल." मग बोलत बसला. वडील मशीद बंदरला ओझी वाहायचे, १९८१ला कांदा-बटाटा मार्केट इकडे आलं तसं बिऱ्हाडही साताऱ्याकडून कोपरखैरण्याला आलं. माझं रडू थांबेना, दुखण्याचं नव्हतं ते. त्याने ते पाहिलं आणि मला एक केळं सोलून दिलं, लहान मुलाला द्यावं तसं. मी खाल्लं.

उठताना मी म्हटलं, "माउलींना तुमचा नमस्कार सांगते."

"माझा नको. आईचा सांगा. गुडघे गेले तिचे, चार सालं वारी न्हाई."

पुढचे दिवस एकमेकांत मिसळलेत. पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा. घाटात पावलं मोजली. दोरा कुठेतरी आपोआप गळून पडला. अर्ध्या मात्रेची ती बाई कार्ल्याच्या मुक्कामी माझ्या टाचेला खोबरेल लावून झोपली आणि सकाळी पुन्हा तसाच टाळ वाजवू लागली. मीही पुन्हा चिडले.

आळंदीला एकादशीची रांग रात्रभर हलली. ज्ञानोबांनी १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, म्हणून दिंडीतले बरेच जण त्या दिवसापर्यंत थांबणार होते. मला रजा नव्हती. समाधीपुढे पोचले तेव्हा मागून लोंढा आला, कपाळ टेकायला श्वासभर वेळ मिळाला. तेवढ्यात तुर्भ्याच्या त्या आजीचा नमस्कार सांगून झाला. माझा राहिला.