फ्रॉस्टप्रूफची मॅच, संत्र्याच्या बागा आणि अडीच सेकंदांचा हिशोब

निघायच्या आदल्या रात्री कोल्हापूरहून आईचा फोन आला, म्हटलं फ्लोरिडाला चाललोय शूटिंगच्या मॅचला, तर तिचा पहिला प्रश्न, "राही सरनोबत खेळते तसलंच का रे?" आमच्या कोल्हापुरात शूटिंग म्हटलं की राही, तेजस्विनी सावंत आणि आता पॅरिस ऑलिम्पिकच्या ब्राँझनंतर कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, त्यामुळं तिचं काही चुकलं नव्हतं. पण हे तसलं नाही. ते खेळाडू एका जागी स्थिर राहून, श्वास आवरून नेम धरतात, आम्ही पिस्तूल हातात घेऊन पळतो. कॉलेजला एनसीसीत मी पण आडवं पडून पॉइंट टूटू रायफल मारलीय, तेव्हा उस्ताद पाठीवर हात ठेवून सांगायचे, हलू नकोस. इथं बीप वाजली की हललंच पाहिजे.

खेळाचं नाव प्रॅक्टिकल शूटिंग. त्याची जगभरची संघटना आयपीएससी, ती १९७६ ला मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावात सुरू झाली, जेफ कूपर पहिले अध्यक्ष, आणि अमेरिकेत तिचीच शाखा म्हणजे यूएसपीएसए. ब्रीदवाक्य लॅटिन आहे, तीन शब्द, अचूकपणा, ताकद आणि वेग. तिन्ही एकत्र सांभाळायचं, एकासाठी दुसरं सोडायचं नाही, एवढ्यासाठीच तर मी दर महिन्याला शनिवार घालवतो.

अमेरिकेत नवीन आलेले बरेच लोक मला विचारतात म्हणून मध्येच सांगून टाकतो, एच-वन-बी वर असाल तर हा खेळ सध्या विसरा. नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर, आणि मित्राची घेऊन रेंजवर मारली तरी ती बाळगणंच धरतात. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो, वर्षं गेली, पण थांबलो. या बाबतीत शॉर्टकट शोधू नका, प्लीज.

तर फेब्रुवारीतली गोष्ट, फ्लोरिडा ओपन, फ्रॉस्टप्रूफ गावातली युनिव्हर्सल शूटिंग अकॅडमी. अटलांटाहून आम्ही दोघं निघालो, मी आणि माझा मित्र, तो काटोलचा, घरचा संत्र्याचा बगीचा. पहाटे चारला गाडी काढली, पिस्तुलं रिकामी, कुलूपबंद पेटीत, गोळ्या वेगळ्या डब्यात, आणि आय-७५ धरला तो मेकन, वाल्डोस्टा करत सरळ दक्षिणेला. विमानानं पण नेता येतं, काउंटरवर डिक्लेअर करायचं, पण गोळ्यांवर एअरलाइनची साधारण ११ पौंडांची मर्यादा असते, दोन दिवसांच्या मॅचला ते काठावर येतं, गाडी बरी पडते. शिवाय डब्यात थालीपीठ नेता येतं.

फ्लोरिडाच्या मधोमध यूएस-२७ ला लागलो की जमीन हळूच चढते, पांढरी वाळू, मध्ये मध्ये गोल तळी आणि दोन्ही बाजूला संत्र्याच्या बागा. फ्रॉस्टप्रूफ हे नावच मुळी जाहिरात म्हणून ठेवलेलं, म्हणजे इथं कधी थंडीत दव गोठून बाग जळत नाही, या, जमीन घ्या. आणि मग १८९४-९५ च्या हिवाळ्यात असा कडाका पडला की बहुतेक सगळी झाडं मेली. नाव मात्र राहिलं. मी हे मित्राला वाचून दाखवत होतो आणि त्याचं लक्षच नव्हतं, तो खिडकीतून बाहेर बघत होता. "अबे थांब, गाडी बाजूला घे." उतरला, कुंपणाजवळ जाऊन बघत बसला. पानं पिवळी, पण सारखी पिवळी नाहीत, डाग डाग, आणि फळं बारकी, एका बाजूला वाकडी. "ग्रीनिंग होय हे. ही लाइन तं गेलीच." फ्लोरिडात हा रोग २००५ ला सापडला आणि तेव्हापासून बागा उजाड होत चालल्यात, हे मी बातमीत वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि ज्याच्या घरी झाडं आहेत त्याच्या शेजारी उभं राहून बघणं वेगळं. पुढचे वीस मिनिटं तो काही बोलला नाही.

रेंज मोठी आहे, वाळूचे उंच बांध घालून एकाशेजारी एक बे केलेले. इथंच २०१४ ला वर्ल्ड शूट, म्हणजे या खेळाची जागतिक स्पर्धा, झालं होतं, ओपन डिव्हिजनला फ्रान्सचा एरिक ग्रोफेल जिंकला. त्याच वाळूत आपण उभं राहणार म्हटल्यावर खरं सांगतो, छातीत धडधडत होतं.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी, एका बे मध्ये एक स्टेज असते, भिंती, खिडक्या, पुठ्ठ्याची टार्गेट, गोळी लागली की पडणारे लोखंडी पॉपर, कुठून मारायचं ते जमिनीवरच्या पट्ट्या सांगतात, कसं मारायचं ते तुम्ही ठरवा. सुरू होण्याआधी स्क्वाडला काही मिनिटं मिळतात, तेव्हा दहा-बारा माणसं रिकामे हात पुढं धरून पुटपुटत तीच पावलं परत परत टाकतात, मला दरवेळी गणपतीच्या आधीची लेझीमची तालीम आठवते. मग एकेकाची पाळी. आरओ, म्हणजे रेंज ऑफिसर, म्हणतो मेक रेडी, मग आर यू रेडी, मग स्टँडबाय, मग बीप. ज्याची पाळी नसते त्यानं भोकांवर टेप लावायची, पडलेले पॉपर उभे करायचे. रेंजवर कोण डॉक्टर कोण प्लंबर कळत नाही, सगळ्यांच्या हातात टेपचा रोल.

मार्क असे, मधल्या ए झोनला ५, सी ला ३, डी ला १ (आमच्या डिव्हिजनला, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका, डॉट, दाखवणारी साइट लावलेली नाईन एमएम, सगळ्यांना मायनर स्कोअरिंग, कमी ताकदीच्या गोळीचे मार्क), मिस झाला तर वजा १०. एकूण मार्कांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, तो हिट फॅक्टर. एवढंच. पण या भागाकारानं माझी झोप उडवली.

पहिल्या दिवशी मी घाई केली. पॉपर पडायच्या आधीच डोळे पुढच्या टार्गेटवर, ट्रिगर नुसता ओढत सुटलो, आवाज भारी वाटत होता, आणि संध्याकाळी बघतो तर तीन मिस. आमच्या स्क्वाडला सत्तरीच्या आसपासच्या एक बाई होत्या, सावकाश चालायच्या पण पिस्तूल खाली म्हणून नाही, त्या मला पाणी देत म्हणाल्या की तू पळतोस छान, पण पोचल्यावर तुझं काम सुरू होतं, ते पोचायच्या आधी सुरू व्हायला पाहिजे. तेव्हा नीट कळलं नाही.

रात्री मोटेलमध्ये मित्रानं काढलेला व्हिडिओ लावून वही घेऊन बसलो. ३२ गोळ्यांची स्टेज, १६ टार्गेट, प्रत्येकी दोन. एकाच टार्गेटवरच्या दोन गोळ्यांमधलं अंतर माझं साधारण पाव सेकंद, म्हणजे सोळा पाव, ४ सेकंद. माझा वेळ होता २४ च्या वर! मग उरलेली २० सेकंद कुठं गेली? पिस्तूल काढण्यात, चालण्यात, खिडकीशी पोचून पिस्तूल वर आणण्यात, डॉट शोधण्यात, मारून झाल्यावर पण तिथंच उभं राहण्यात. मी दिवसभर त्या ४ सेकंदांतून वेळ वाचवायला जीव काढत होतो. आणि त्याची किंमत बघा, हिट फॅक्टर ६ च्या स्टेजला एक मिस म्हणजे ए चे गेलेले ५ आणि वर १० दंड, १५ मार्क, म्हणजे अडीच सेकंद. ए ऐवजी सी गेला तर २ मार्क, एक तृतीयांश सेकंद. म्हणजे सी चालतो, थांबून परत नेम धरायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात तो फिटतो. मिस चालत नाही. गोळी लागली नाही असं नुसतं वाटलं तरी लगेच अजून एक मारावी, अर्ध्या सेकंदाच्या आत अडीच सेकंद वाचतात. बाई काय म्हणाल्या ते रात्री अकराला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी फक्त एक गोष्ट केली, खिडकी यायच्या दोन पावलं आधी पिस्तूल डोळ्यासमोर, आणि नजर डॉटवर नाही, टार्गेटवर जिथं मारायचं त्या ठिपक्याएवढ्या जागेवर. मारताना हळू वाटलं, आवाजाची मजा नव्हती. स्कोअर आला, २६ ए, ६ सी, मिस शून्य, १४८ मार्क, २४.६ सेकंद. सहाच्या जरा वर. माझ्यासाठी हे लई होतं, मी ओरडलोच.

त्यानंतरच्या स्टेजला मित्राची पाळी. उजवीकडून डावीकडं पळताना रीलोड, उजव्या हाताच्या माणसासाठी सगळ्यात नाजूक जागा ही, कारण मॅगझीन घालायला मनगट वळलं की नळी डावीकडं जाते, आणि डावीकडं पळताना छातीच डावीकडं वळलेली असते, मग नळी मागं यायला एवढंसं पुरतं. नळी कायम समोरच्या बांधाकडंच राहावी म्हणून १८० अंशांची जी रेघ धरतात ती ओलांडली की मॅच संपली, कोण आहे, किती पैसे भरलेत, किती लांबून आलाय, काही नाही. आरओनं "स्टॉप" म्हटलं. मित्र जागेवर थांबला, बोट बाहेर, नळी समोर, शांतपणे रिकामं करून दाखवलं, होल्स्टर केलं. मग आरओ त्याच्याशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलला. मी जवळ गेलो तर मित्र म्हणाला, "बरोबर केलं त्यानं. मले समजलंच नाही, हात गेला." आणि पिस्तूल बॅगेत ठेवून आला, टेपचा रोल घेतला आणि उरलेल्या सगळ्या स्टेजना उन्हात टेप लावत राहिला. घरी जायला कुणी अडवलं नव्हतं. माझ्या शेवटच्या स्टेजला पॉपर त्यानंच उभे केले. या खेळातल्या माणसांबद्दल मला प्रेम का वाटतं ते मला यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

मॅच संपल्यावर गार पाण्यानं हात-तोंड नीट धुतलं (शिसं असतं हातावर, गरम पाणी नको, आणि धुतल्याशिवाय काही खायचं नाही, नवीन लोकांनो लक्षात ठेवा) आणि थालीपीठं संपवली. दुसऱ्या दिवशी परतताना लेक वेल्सला बोक टॉवरला थांबलो, २०५ फुटांचा दगडी मनोरा, १९२९ चा, आत ६० घंटा. दोन दिवस कानात बोळे आणि वर मफ, त्यामुळं त्या घंटांचा आवाज कानात अगदी खोल गेला. झाडाखाली गवतावर पडून ऐकलं. मित्र डोळे मिटून म्हणाला, "आमच्याकडे आता मृगाचा माल निघून राहिला असंन."

रस्त्यात त्यानं संत्र्याची एक जाळी घेतली. जॉर्जियाची हद्द लागल्यावर एका रेस्ट एरियात उतरलो, संध्याकाळ झालेली, मी पाय मोकळे करत होतो आणि हा पार्किंगच्या कडेच्या हिरवळीवर, समोरच्या पाइनच्या झाडाला टार्गेटची बाजू धरून, रिकामा उजवा हात पुढं आणि डाव्या हातात मॅगझीन म्हणून संत्रं, उजवीकडून डावीकडं चालत होता. कोपर आत, मनगट झाडाकडं. "आता बघ, गेलं का मागं?" नव्हतं गेलं. परत केलं, जरा जोरात. सात-आठ वेळा तरी केलं असेल, मग तिथंच बाकावर बसून ते संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं.