नळ नीट बंद केला नव्हता

घरी येऊन चार दिवस झाले. कपडे धुऊन झाले, तंबू झटकून माळ्यावर गेला, बुटांतून वाळू अजून निघतेच आहे. पण ती दुपार डोक्यातून जात नाही.

कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री या वाळवंटी नॅशनल पार्कात मुक्काम जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंडला होता. तिथे पाण्याचा नळ नाही, सगळं आपणच न्यायचं. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असं पार्कवाले बजावतात. म्हणून पाच-पाच गॅलनचे दोन कॅन मी स्वतः भरून घेतले होते. लेकीने हात धुतले, कॅनचा नळ अर्धवट फिरवला आणि खडकांवर चढायला पळाली. आम्ही जेवून तंबूच्या सावलीत लवंडलो होतो. उठून बघते तर कॅन निम्मा रिकामा.

मी ओरडले. बाजूच्या तंबूतली माणसं बघायला लागली इतकी. "अक्कल आहे का, पाणी आहे ते!" पोरीचा चेहरा एवढासा झाला. हा म्हणाला, "अगं, ट्वेंटीनाइन पाम्स अर्ध्या तासावर आहे, भरून आणतो." त्याचं ते शांतपणे म्हणणं... जाऊ दे.

एवढं का ओरडले मी? दुसरा कॅन भरलेला होता, गाडी होती. कुणी तहानेने मरणार नव्हतं. तरी छातीत धडधडत होतं. जमीन पाणी पिऊन टाकते तो वास आला आणि मी थेट दहिवडीकडच्या आजोळी पोचले. मे महिना, विहिरीत टँकर रिता होतोय, काठावर बायकांची झुंबड, आणि आजी पोहरा धरून सगळ्यांत पुढे. भांडी राखेने घासून ती नुसती पुसायची. माझ्या हातून एकदा कळशी कलंडली होती. ती ओरडली नव्हती. खाली बसून ओल्या मातीवर नुसता हात फिरवत राहिली होती.

मग मी का ओरडले?

रात्री फार एकटं वाटलं. पाणी, औषधं, टोप्या, सगळ्याची काळजी मीच का वाहायची? ही दोघं निवांत तारे बघणार आणि मी कॅन मोजणार. डोळे भरून आले. संध्याकाळी रेंजरबाईंनी सांगितलं होतं की इथला कांगारू उंदीर जन्मभर पाण्याला तोंड न लावता जगू शकतो, कोरड्या बियांतूनच अंगात पाणी तयार करतो. लेकीला असल्या गोष्टी आवडतात. पण ती ऐकताना माझ्याकडे बघत नव्हती.

सकाळी तिनेच हाक मारली, हळूच. कॅनखालची वाळू अजून ओलसर होती आणि तिच्यावर वीस-पंचवीस मधमाश्या चिकटल्या होत्या. सोंड वाळूत, पोट भराभर आतबाहेर होतंय. "पाणी पितायत," ती कुजबुजली. आम्ही दोघी जराशा लांब उकिडव्या बसून बघत राहिलो. मला 'सॉरी' म्हणायचं होतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते राहूनच गेलं.

असो. मी पाण्यावरून ओरडणारी आई आहे, आणि बहुतेक राहीन. तिला एकदा त्या विहिरीवर न्यायला हवं.

दुसऱ्या कॅनमध्ये तळाशी थोडं पाणी उरलंय. चार दिवस तो ओट्याखाली तसाच आहे. ओतून टाकवत नाही.