केटल पटकन मिळाली, तोटीने मात्र दमवलं: घरच्या बिअरसाठी पातेलं निवडताना

अमेरिकेत घरी बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर २००. फक्त विकायची नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग करू नये, तिथे दारूबंदीचा कायदा लागतो.) केटल, म्हणजे बिअर उकळायचं पातेलं, निवडणंही सोपं आहे. मला छळलं ते तिच्या तोटीने, आणि तो राग अजून गेलेला नाही.

आधी माप. इथल्या बहुतेक कृती ५ गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या असतात. म्हणून ५ गॅलनचं पातेलं घेऊ नका. तासाभराच्या जोरदार उकळीत ३-४ लिटरची वाफ होते, तळाचा गाळ एक-दोन लिटर अडवतो, त्यामुळे सुरुवात २५ लिटरने करावी लागते. शिवाय पहिली उकळी फुटताना वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) दुधासारखं उतू जातं, त्याला वर जागा हवी. ८ गॅलनमध्ये जेमतेम भागतं. माल्ट पिशवीत घालून त्याच पातेल्यात भिजवणार असाल तर ५ किलो माल्ट आणखी साडेतीन लिटर जागा खातं आणि सुमारे ३ लिटर पाणी पिऊन टाकतं. मग १० गॅलनच घ्या, म्हणजे ३८ लिटर.

धातू स्टेनलेस, ३०४ ग्रेडचा, तीन थरांच्या तळाचा. पातळ तळावर माल्टची साखर करपते.

आता तोटी. मी भोक पाडलेली केटल आणि वेल्डिंग न लागणारी तोटीची जोडणी घेतली. बाहेरून बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून उघडबंद होणारी तोटी), निपल (दोन्ही टोकांना आटे असलेली आखूड नळी), खाचेचा चेकनट (जोडणी पकडून ठेवणारा नट), त्या खाचेत सिलिकॉनची ओ-रिंग (पाणी अडवणारी गोल कडी). आतून वायसर आणि कपलिंग (आत आटे असलेला जोड). सोबतच्या कागदावर एकच सूचना: घट्ट आवळा. पाणी भरलं की थेंब. विक्रेत्याला विचारलं की उत्तर ठरलेलं: आणखी आवळा. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो देणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. जास्त आवळलं की ओ-रिंग खाचेतून बाहेर फुगते, एका बाजूला चिमटते आणि गळती वाढते.

गळती तीन जागांहून होते, आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. पातेलं बाहेरून कोरडं पुसा, टिश्यूचा तुकडा एकेका सांध्याला टेकवा आणि कुठे ओलावतो ते बघा. चेकनटाखालून येत असेल तर दोष ओ-रिंगचा किंवा भोकाच्या कडेचा. कडेला बोट लावून पाहा (सांभाळून, कापतं). खरखरीत लागली तर दोन्ही बाजूंनी बारीक कानस फिरवा, नाहीतर नवी रिंगही कापली जाईल. मग चेकनट हाताने बसवून पान्याने फक्त पाव फेरा. निपलच्या आट्यांतून येत असेल तर कितीही आवळा, पाणी आट्यांच्या वाटेने फिरत येणारच. तिथे टेफ्लॉन टेप हवी, तीन-चार वेढे, आटे आवळण्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर बसवताना सुटून येते. आणि व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून येत असेल तर मुठीखालचा छोटा नट किंचित आवळला की पुरे.

चाचणी थंड पाण्याने करून थांबू नका. पाणी उकळा, गार होऊ द्या, पुन्हा बघा. तापल्यावर धातू पसरतो, आणि थंडीत न गळणारी जोडणी तेव्हा गळायला लागते.

स्वतः भोक पाडणार असाल तर जोडणीच्या ‘अर्धा इंच’ या नावावर जाऊ नका. अर्ध्या इंची पाइपाचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो, भोक साधारण २२ चं लागतं. पायऱ्यांचं ड्रिल, कमी वेग, भरपूर कटिंग ऑइल. वेगाने घासलं की स्टेनलेस तापून कडक होतं आणि ड्रिल बोथट.

व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा, उघडून धुता येणाराच घ्या. आतल्या गोळ्याच्या मागे वर्ट अडकून राहतं आणि पुढच्या वेळी थंड झालेलं वर्ट त्यातूनच बाहेर येतं. आत तळाकडे वळलेली नळीही बसवा. तोटी तळापासून साडेतीन सेंटिमीटर वर आणि पातेलं ३५ सेंटिमीटर रुंद असेल, तर नळीशिवाय तीन लिटरहून जास्त वर्ट आतच राहतं.

हो, शेगडीचं राहिलं. घरातल्या २४०० वॅटच्या विजेच्या कॉइलवर २५ लिटर उकळायला येतं, पण उकळी मंद राहते आणि वाफ कमी जाते, तेव्हा पाण्याचा हिशोब त्याप्रमाणे कमी करा. काचेच्या शेगडीवर एवढं वजन ठेवण्याआधी तिची मर्यादा वाचा. गॅसचा मोठा बर्नर फक्त उघड्यावर. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. आणि उकळताना झाकण लावू नका, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहतो.

तोटीची हौस नसेल तर भोक नसलेलं पातेलं घ्या आणि गार झालेलं वर्ट सायफनने, म्हणजे वरून नळी टाकून, खालच्या भांड्यात काढा. गळायला काही उरतच नाही.