तुम्ही विचारलेत म्हणून: जीआयसी सोडून हे शेअर्स का?

"जीआयसी पाच टक्के देत होती, तेव्हाही तुम्ही ते रेट रीसेट प्रेफर्ड शेअर्स का धरून बसलात?" जीआयसी म्हणजे इथल्या बँकांची मुदत ठेव. २०२३ पासून हा प्रश्न मला कॅनडातल्या मिसिसॉगातल्या ओळखीच्या घरांतून, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता, आणि सांगलीहून धाकट्या भावाकडूनही इतक्या वेळा आला आहे की त्याचे दोन वाक्यांतले उत्तर आता मला नकोसे झाले आहे. ते उत्तर ऐकून समोरच्या माणसाच्या मनात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ही बाई अडकली आहे आणि कबूल करत नाही. तसे नाही, आणि अगदीच तसे नाही असेही म्हणता येत नाही. म्हणून एकदा सगळे लिहून ठेवते.

हे शेअर्स काय आहेत हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. प्रेफर्ड म्हणजे साध्या शेअर्सच्या आधी लाभांशाचा हक्क असलेला शेअर. पंचवीस डॉलरच्या दर्शनी किमतीवर पाच वर्षे ठरावीक लाभांश मिळतो. पाच वर्षांनी कॅनडा सरकारच्या पाच वर्षांच्या रोख्यांचा त्या वेळचा दर घेतात, त्यात सुरुवातीलाच कायमचा ठरलेला स्प्रेड, म्हणजे वरचे जादा टक्के, मिळवतात आणि पुढच्या पाच वर्षांचा लाभांश त्यावर ठरतो. यालाच रीसेट म्हणतात. तुमच्या मॉर्गेजचे नूतनीकरण आठवा. पाच वर्षांच्या ज्या रोख्यांमुळे तुमचा हप्ता वाढतो, त्याच रोख्यांमुळे माझा लाभांश वाढतो. फक्त तुम्ही देणारे आहात आणि मी घेणारी आहे. फरक एवढाच की तुमचे कर्ज कधीतरी फिटते. माझे पैसे परत करण्याची तारीख मात्र कुठेही लिहिलेली नाही. रीसेटच्या दिवशी पंचवीस डॉलर देऊन शेअर परत घेण्याचा हक्क कंपनीला आहे, पण तसे करण्याचे बंधन तिच्यावर नाही.

मी हे शेअर्स २०१३ मध्ये घेतले ते जवळजवळ पंचवीस डॉलरलाच. एका पाइपलाइन कंपनीची २०१० सालची मालिका, म्हणजे एकाच अटींवर एकत्र काढलेले शेअर्स, होती, लाभांश ४.४ टक्के, स्प्रेड २.१ टक्के. त्या वेळी व्याजदर आता वाढणारच असे जो तो म्हणत होता आणि मलाही ते पटले होते. दर वाढले तर साध्या रोख्यांची किंमत पडेल, माझा लाभांश मात्र दरांबरोबर वर जाईल, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबाला आजही कोणी चूक म्हटले तर मी वाद घालते. दर वाढले तर काय होईल याचे त्यात बरोबर उत्तर होते. दर आधी पडले तर काय होईल, हा प्रश्नच त्यात नव्हता.

दर पडले. जानेवारी २०१५ मध्ये बँक ऑफ कॅनडाने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना आपला दर एक टक्क्यावरून पाऊण टक्क्यावर आणला आणि जुलैत आणखी पाव टक्का कापला. अशा वेळी काय होते याचे सर्वांना तपासता येईल असे उदाहरण म्हणजे ट्रान्सकॅनडा या पाइपलाइन कंपनीची मालिका ३. तिचा स्प्रेड अवघा १.२८ टक्के. २०१० मध्ये ती ४ टक्क्यांनी निघाली, म्हणजे शेअरमागे वर्षाला एक डॉलर. जून २०१५ च्या रीसेटला दर २.१५२ टक्के झाला आणि जून २०२० मध्ये १.६९४ टक्के. डॉलरचे आधी चोपन्न सेंट झाले, मग बेचाळीस. कंपनीने एकही लाभांश चुकवला नाही, करारात लिहिले होते तेच तंतोतंत घडले, आणि तरीही उत्पन्नासाठी घेतलेल्या शेअरचे उत्पन्न निम्म्याहून कमी झाले. माझी मालिका एवढी घसरली नाही, कारण तिचा स्प्रेड जास्त होता. २०१५ मध्ये ती २.८५ टक्क्यांच्या आसपास आली. मार्च २०२० मध्ये तिची किंमत मात्र दहा डॉलरच्याही खाली गेली होती.

आता ज्याबद्दल कोणी थेट विचारत नाही, पण ज्याच्यामुळे हा प्रश्न मला लागतो, तो ऑगस्ट २०२० सांगते.

आई तेव्हा सांगलीत अंथरुणाला खिळलेली होती. दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन मावश्या तिच्याकडे होत्या आणि त्यांच्या पगाराचा माझा वाटा या लाभांशातून जात असे. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेला लाभांश जमा व्हायचा, आणि पुढचे तीन महिने मी त्यातून भावाला पैसे पाठवायचे. कोविडमुळे मला जाता येत नव्हते. आईसाठी माझ्या हातून होण्यासारखे तेवढे एकच काम उरले होते, आणि ते वेळेवर होणे मला स्वतःच्या जेवणापेक्षा महत्त्वाचे वाटत होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ब्रोकरची सूचना आली. १ सप्टेंबरला रीसेट होता. पुढच्या पाच वर्षांसाठी ठरावीक दर साधारण अडीच टक्के जाहीर झाला होता. ज्यांना तो नको असेल त्यांनी शेअर्स फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, मालिकेत बदलून घ्यावेत; तिथे ट्रेझरी बिलाचा, म्हणजे सरकारच्या तीन महिन्यांच्या कर्जाचा, दर अधिक तोच २.१ टक्के स्प्रेड मिळणार होता आणि तो दर तिमाहीला बदलणार होता. निवड कळवण्याची मुदत रीसेटच्या पंधरा दिवस आधी संपत होती, ब्रोकरची मुदत त्याच्याही आधी होती, आणि काहीच कळवले नाही तर शेअर्स आहेत तिथेच राहणार होते. ट्रेझरी बिल तेव्हा ०.१५ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे ठरावीक दराने शेअरमागे वर्षाला साडेबासष्ट सेंट मिळणार होते, फ्लोटिंगने सुमारे छप्पन्न.

माझे यजमान फ्लोटिंग घ्या म्हणत होते. दर शून्याच्या खाली जाणार नाहीत, तेव्हा यापुढे गमावण्यासारखे फार थोडे आहे आणि मिळण्यासारखे पुष्कळ आहे, हे त्यांचे म्हणणे मला त्या रात्रीही समजले होते. पण जुलैत बँक ऑफ कॅनडाने दर दीर्घकाळ खालीच राहतील असे स्पष्ट सांगितले होते आणि मला पाच वर्षांचा आकडा आजच हातात हवा होता. दर तीन महिन्यांनी बदलणारी रक्कम भावाला कशी सांगू, हा माझा प्रश्न होता. मी सूचनेला उत्तर दिले नाही. जे होते ते ठेवले.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. मार्च २०२२ पासून दर चढू लागले आणि जुलै २०२३ मध्ये बँकेचा दर पाच टक्क्यांवर पोहोचला. ट्रेझरी बिलही पाचाच्या आसपास गेले. माझ्याच मालिकेच्या फ्लोटिंग भावंडाला सात टक्क्यांहून अधिक मिळू लागले, म्हणजे शेअरमागे वर्षाला पावणेदोन डॉलर, आणि मला तेच साडेबासष्ट सेंट. त्याच काळात सांगलीत मावश्यांचे पगार वाढले. भावाने फोनवर अगदी सरळ विचारले, "ताई, तिकडे व्याज एवढं वाढलंय म्हणतात, मग तुझं का नाही वाढत?" माझे २०२५ पर्यंत वाढणार नाही, हे त्याला समजावताना मला जो संकोच वाटला तो पैशांचा नव्हता. फरक मी जीआयसीच्या व्याजातून भरून काढला. आई २०२४ मध्ये गेली.

हे ऐकून लोक म्हणतात की तो निर्णय चुकला. मी तसे म्हणत नाही. मला खात्री हवी होती, ती मिळाली, आणि पाच वर्षे एकही तिमाही मला आकडा बदलून सांगावा लागला नाही. पण रात्री एकटीने विचार करते तेव्हा दुसरी बाजूही उभी राहते. मी खात्री घेतली ती सहा सेंटांच्या बाजूची, आणि ज्या धोक्यापासून वाचण्यासाठी २०१३ मध्ये हे शेअर्स घेतले होते, तो दरवाढीचा धोका मी २०२० मध्ये आपण होऊन परत अंगावर घेतला. २०१३ मधल्या मला हे पटले नसते. २०२० मधल्या मला आईचा चेहरा दिसत होता. या दोघींपैकी कोणाचे ऐकायला हवे होते, हे मला आजही ठरवता येत नाही.

भावाचा दुसरा प्रश्न असतो की येस बँकेसारखे होणार नाही ना. मार्च २०२० मध्ये तिच्या ८,४१५ कोटी रुपयांच्या अतिरिक्त टियर १ बाँडचे, म्हणजे बँक अडचणीत आल्यास बुडू शकणाऱ्या बाँडचे, मूल्य शून्य झाले, आणि आमच्या नात्यातही त्याची धास्ती बसली. कॅनडातल्या बँकांच्या नव्या प्रेफर्ड शेअर्समध्ये बँक टिकाव धरू शकत नाही असे नियामकाने ठरवल्यास त्यांचे साध्या शेअर्समध्ये रूपांतर होण्याची अट आहे, शिवाय बँकेने चुकवलेला लाभांश नंतर मिळत नाही. माझ्या पाइपलाइनच्या शेअर्सना ती अट नाही, आणि चुकलेला लाभांश साचत राहतो. धोका आहेच, पण तो वेगळा आहे.

बँकांचेही काही माझ्याकडे होते, मोठ्या स्प्रेडचे. ते गेले. जुलै २०२० पासून बँकांना लिमिटेड रिकोर्स कॅपिटल नोट्स नावाचे कर्जरोखे काढता येऊ लागले. त्यांवरचे व्याज बँकेच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते, लाभांश होत नाही. मग बँकांनी एकेक मालिका पंचवीस डॉलरला परत घेतली. मला या प्रकारात सर्वांत खुपते ते हेच. ज्यांचा स्प्रेड धारकाला लाभाचा असतो ते शेअर्स कंपनी काढून घेते आणि ज्यांचा कंपनीला लाभाचा असतो ते वर्षानुवर्षे तुमच्याकडेच ठेवते. हे वाचून कोणी घेणार असेल तर त्याने आधी स्प्रेड पाहावा, सध्याचा लाभांश मागाहून.

कराचे म्हणाल तर माझ्या उत्पन्नाला लाभांशावरचा कर व्याजावरच्या करापेक्षा बराच हलका पडतो, आणि जीआयसीशी तुलना करणारे हे सोडून देतात. पण हजार डॉलरचा लाभांश निव्वळ उत्पन्नात १,३८० डॉलर म्हणून मोजला जातो. जीआयएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्या आईवडिलांसाठी हे शेअर्स घेऊ का, असे ज्यांनी विचारले त्यांना म्हणून मी स्पष्ट नको म्हणते. लाभांश दिसतो त्यापेक्षा जास्त मोजला जाऊन त्यांचे जीआयएस कापले जाते. जीआयसीला एका बँकेत एका प्रकारच्या खात्यामागे एक लाख डॉलरपर्यंत सीडीआयसी या सरकारी ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. इथे काहीच नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा रीसेट झाला. पाच वर्षांचे रोखे २.९ टक्क्यांच्या आसपास होते, त्यामुळे लाभांश सुमारे पाच टक्के, शेअरमागे सव्वा डॉलर. २०१३ मध्ये मी जे घेतले होते त्याहूनही हा दर वरचा आहे. किंमत मात्र बावीसच्या आसपास, अजून पंचवीसच्या खालीच. या वेळी फ्लोटिंगचा दर किंचित कमी होता आणि मी पुन्हा ठरावीकच घेतला. यजमानांनी या वेळी विरोध केला नाही. त्यांचे म्हणणे वेगळेच आहे: पैसे ज्यासाठी लागत होते ते कारण आता उरलेले नाही, तेव्हा आहे त्या किमतीला विकून मोकळे व्हावे. मला पाच टक्के सोडवत नाहीत आणि तीन डॉलरचा तोटा पावतीवर लिहून घ्यावासाही वाटत नाही. २०३० पर्यंत थांबायचे की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.