झी-०६चा हिवाळा: ब्रेकची हवा, टॉर्क ट्यूब आणि मे महिन्यातली पहिली परीक्षा

पाच महिने गॅरेजात जॅक स्टँडवर (चाके अधांतरी ठेवणाऱ्या ठोकळ्यांवर) असलेली माझी कॉर्व्हेट झी-०६ गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जमिनीवर उतरली आणि गेल्या शनिवारी मिशिगनमधल्या साउथ हेवनच्या जिंजरमन रेसवे या शर्यतीच्या ट्रॅकवर चार सत्रे धावून स्वतःच्या चाकांवर घरी परत आली. मागची नोंद सप्टेंबरात ट्रॅकवर ब्रेकने दगा दिला त्या फजितीपाशी थांबली होती. मधल्या काळात जे काम झाले, जे बिघडले आणि जे मोजता आले ते सारे येथे एकत्र लिहीत आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. ही २००२ची शेवरोले कॉर्व्हेट सी-५ (म्हणजे पाचव्या पिढीची) झी-०६ आहे, केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात जुळवलेली. इंजिन एलएस६, म्हणजे ५.७ लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८, ज्याच्या सिलिंडरांना आतून बिडाचे लाइनर, म्हणजे अस्तर, आहे. कॅमशाफ्ट एकच, तोही ब्लॉकमध्ये, आणि प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, जे पुशरॉडने उघडतात. कागदावर ही रचना जुनाट वाटते, परंतु हेडवर चार कॅमशाफ्ट नसल्यामुळे इंजिन बुटके राहते, बॉनेट खाली बसते आणि वजन जमिनीजवळ राहते. याच जुनाट रचनेतून मिनिटाला ६,००० फेऱ्यांना ४०५ अश्वशक्ती आणि ४,८०० फेऱ्यांना सुमारे ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ९२ मिलिमीटरचा असल्यामुळे ६,५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २० मीटर होतो, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी ही मजल लहान नव्हे. गाडीचे वजन सुमारे १,४१४ किलो आहे. ते खाली आणण्यासाठी पातळ काच, स्थिर छत आणि टायटॅनियमचे सायलेन्सर असे उपाय कारखान्यानेच केलेले आहेत.

इंजिनाला मी या हिवाळ्यात तेल आणि फिल्टर बदलण्यापलीकडे हात लावलेला नाही. ज्यांनी ‘शक्ती किती वाढवली’ असे विचारले त्यांना हेच उत्तर आहे, कारण मागच्या हंगामात मला कमी पडले ते थांबणे.

सप्टेंबरात तिसऱ्या सत्राच्या सहाव्या फेरीत पेडल मऊ पडले आणि पुढच्याच वळणाला ते जवळजवळ तळाला गेले. दोनदा झटपट दाबून जेवढे ब्रेक मिळाले तेवढ्यावर गाडी सावरली, पण दोन चाके गवतात गेलीच. दोष सर्वस्वी माझा होता. ब्रेक ऑइल दोन वर्षांचे जुने होते आणि ते हवेतला ओलावा शोषते हे ठाऊक असूनही ‘हा एक दिवस निघून जाईल’ असे म्हणून मी तसाच गेलो होतो. डॉट-४ या ब्रेक ऑइलच्या दर्जानुसार कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु तेच ऑइल ओले झाले की ही अट १५५ अंशांवर येते. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, आत उकळी फुटली की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चालकासह गाडी १,५०० किलो धरली आणि मागच्या सरळ पट्ट्यात मी गाठत असलेला ताशी १९० किलोमीटरचा वेग वळणापूर्वी १०० वर आणायचा असे मानले, तर एका ब्रेकिंगमध्ये सुमारे १५ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. साडेचार लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास एवढी उष्णता पुरते, आणि ती अडीच सेकंदांत निर्माण होते. याचा अर्थ त्या अडीच सेकंदांत ब्रेक सरासरी ६०० किलोवॉट दराने ऊर्जा गिळत असतात. इंजिनाची पूर्ण शक्ती ३०२ किलोवॉट आहे. गाडीतले सर्वांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसून चाकांच्या आत आहे, हे मला इतक्या वर्षांत प्रथमच आकड्यांनी पटले.

पुढची डिस्क ३२५ मिलिमीटर व्यासाची आहे आणि माझ्या काट्यावर ती ९ किलोच्या आसपास भरली. एकूण उष्णतेचा ३५ टक्के वाटा तिच्याकडे आला असे धरले, तर दर ब्रेकिंगला तिचे तापमान सुमारे १२० अंशांनी चढते. मग प्रश्न एवढाच उरतो की पुढच्या वळणापर्यंत त्यांतले किती अंश उतरतात.

या नावाच्या मूळपुरुषालाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून थोडे विषयांतर करतो. १९६३ साली झी-०६ हा शर्यतीत उतरणाऱ्यांसाठीच्या पर्यायी संचाचा केवळ एक संकेतांक होता आणि तशा १९९ गाड्या बनल्या. त्यामागे झोरा आर्कस-डंटॉव्ह हे अभियंते होते. त्या काळी कॉर्व्हेटला डिस्क ब्रेक नव्हते. ते १९६५मध्ये आले. म्हणून या संचात ड्रमलाच बाहेरून कंगोरे दिले होते, आत पंखे बसवले होते, धातुभुकटीचे लायनर वापरले होते आणि ड्रमकडे वारा वळवणारे रबरी पन्हाळे लावले होते, ज्यांना तिकडे ‘हत्तीचे कान’ म्हणत. साठ वर्षांनंतर माझ्या गॅरेजात मी निराळे काही करत नव्हतो.

सी-५ झी-०६ला मागच्या चाकांपुढे ब्रेकसाठी हवा घेणारी तोंडे कारखान्यातूनच येतात. पुढच्या बाजूला मात्र सोय आपल्यालाच करावी लागते, आणि सुदैवाने या मॉडेलला फॉग लॅम्प नसल्यामुळे त्यांची जागा मोकळी असते. तेथून ७५ मिलिमीटरचा उष्णतारोधक पाइप मी प्रत्येक चाकापर्यंत नेला. येथे पुष्कळ जण एक चूक करतात, मीही पहिल्या प्रयत्नात केली, ती म्हणजे पाइपचे तोंड डिस्कच्या पृष्ठभागावर रोखणे. ही डिस्क म्हणजे दोन चकत्यांच्या मध्ये पात्या असलेला पंखाच आहे, जो फिरताना मध्यातून हवा ओढतो आणि कडेने बाहेर फेकतो. हवा पृष्ठभागावर मारली तर एकच बाजू गार होते आणि डिस्कवर ताण येतो. ती मध्यभागी, हबजवळ सोडली तर डिस्क स्वतःच ती आतून खेळवते. त्यासाठी दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची कोनाकृती तबकडी कापली आणि ती नकलच्या, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या, मागे बसवली. आकार जुळेपर्यंत पुठ्ठ्याचे चार नमुने वाया गेले.

जुन्या डिस्क उतरवल्या तेव्हा भोकांविना असलेल्या त्या सपाट पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे दिसले. उमेदीची पहिली दोन वर्षे मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यात काढली आहेत, त्यामुळे बीड तापून-निवून कसे थकते हे डोळ्यांना ओळखीचे आहे. नखाला भेग लागत नसेल तर चालवून घेता येते. नख अडकले की डिस्क भंगारात. उजवीकडच्या डिस्कच्या कडेला नख अडकले, म्हणून दोन्ही बदलल्या.

जानेवारीत मोठ्या कामाला हात घातला. गेल्या उन्हाळ्यापासून क्लच दाबून सोडताना गाडीच्या तळातल्या मधल्या बोगद्यातून हलकी खडखड ऐकू येत होती. सी-५ची रचना अशी की इंजिन आणि क्लच पुढे, तर सहा गिअरचा टी-५६ गिअरबॉक्स मागच्या डिफरन्शिअलला जोडलेला, आणि दोघांना एका अ‍ॅल्युमिनियमच्या जाड नळीने बांधलेले. हीच टॉर्क ट्यूब. तिच्यामुळे वजनाची वाटणी पुढे-मागे साधारण ५३ : ४७ अशी पडते. तिच्या आत फिरणारा शाफ्ट आपल्या नेहमीच्या प्रोपेलर शाफ्टपेक्षा वेगळे आयुष्य जगतो. नेहमीचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या नंतर येतो, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये २.९७ पट वाढलेला टॉर्क, म्हणजे या इंजिनासाठी सुमारे १,६१० न्यूटन-मीटर, त्याला सोसावा लागला असता. येथे शाफ्ट गिअरबॉक्सच्या आधी असल्यामुळे तो ५४२ न्यूटन-मीटरच वाहतो आणि म्हणून सडपातळ ठेवता येतो. मोबदल्यात त्याला कायम इंजिनाच्या वेगाने, ६,५०० फेऱ्यांपर्यंत, फिरावे लागते, आणि त्या वेगाचे धक्के व कंपने पचवण्यासाठी दोन्ही टोकांना रबरी कपलिंग दिलेली आहेत. रबराचे वय मात्र फेऱ्यांनी वाढत नाही, वर्षांनी वाढते.

तेथवर पोहोचण्यासाठी सायलेन्सर उतरवावे लागतात, बोगद्याच्या तळाचा पत्रा सोडवावा लागतो, ज्याचे बोल्ट मोजता मोजता कंटाळा येतो, आणि मग मागचे सस्पेन्शन, डिफरन्शिअल, गिअरबॉक्स व ट्यूब असा अख्खा संसार खाली घ्यावा लागतो. त्यात आडवा बसलेला मागचा पाटाही येतो. पाटा म्हटला की ट्रकखालची पोलादी चवड डोळ्यांसमोर येते, पण हा एकच, काचतंतूंचा, एका हाताने सहज उचलता येईल असा असतो. शेजारचे निवृत्त गृहस्थ, ज्यांची हयात टूलरूममध्ये गेली, गिअरबॉक्सखालचा जॅक धरायला आले होते. ट्यूब सुटून मागे सरकली तेव्हा त्यांनी टॉर्च आत मारली आणि पुढच्या कपलिंगवर बोट ठेवले. बोल्टच्या सहापैकी तीन भोकांभोवती रबर फाटले होते, आणि एका ठिकाणी तर भेगेतून आतल्या दोऱ्यांचे पुंजके बाहेर आले होते.

दोन्ही कपलिंग आणि ट्यूबमधली बेअरिंगे बदलली. एवढे उघडलेच होते म्हणून क्लचचा स्लेव्ह सिलिंडरही (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) बदलला, कारण तो शाफ्टभोवती बसतो आणि त्याच्यासाठी पुन्हा हाच सगळा खटाटोप करावा लागला असता. परत जोडताना एक चूक घडली. थंडीत बोटे बधिर झालेली, घाई झालेली, आणि बेलहाउसिंगमधला (क्लचभोवतीच्या आवरणातला) एक बोल्ट मी हाताने पुरेसा न फिरवता थेट पान्याने आवळला. तो तिरका धरला होता. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले ते हातालाच कळले. पाना अचानक हलका झाला. भोक मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेचा इन्सर्ट बसवण्यात एक रविवार गेला. तेव्हापासून प्रत्येक बोल्ट किमान पाच फेरे बोटांनी फिरल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, असा नियम गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.

मार्चअखेर ब्रेकचे ऑइल बदलून नळ्यांत अडकलेली हवा काढली. चौदा वर्षांची मुलगी पेडलवर आणि मी चाकाखाली असा कार्यक्रम दीड तास चालला. ती ‘दाबलं’ म्हणायची, मी निपल उघडायचो, नळीतून आधी चहाच्या रंगाचे आणि मग मधासारखे ऑइल यायचे, मी निपल बंद करून ‘सोड’ म्हणायचो. मागच्या डाव्या चाकाशी तिने विचारले, “बाबा, मागच्या वर्षी हे का नाही केलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आता ३०० अंशांवर उत्कलनबिंदू असलेले शर्यतीचे ऑइल भरले आहे, जे ओलावा अधिक लवकर धरते, म्हणून ते प्रत्येक ट्रॅक दिवसापूर्वी बदलणार आहे. गाडी जमिनीवर उतरल्यावर नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर पायरीपायरीने तापवून डिस्कशी जुळवून घेतले.

आता शनिवारचा हिशोब. डिस्कच्या कडेला तापमानदर्शक रंगाचे तीन पट्टे ओढले होते: हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, तांबडा ६१० ला. सप्टेंबरात पाइप नसताना हिरवा आणि नारिंगी पूर्ण बदलले होते आणि तांबडा शाबूत होता, म्हणजे डिस्क ५६० ते ६१० च्या दरम्यान पोहोचली होती. या वेळी हिरवा पूर्ण बदलला, नारिंगी मात्र उजवीकडे तसाच राहिला. वेग तोच, ट्रॅक तोच, आणि हवा उलट सप्टेंबरपेक्षा थोडी उबदार होती. पेडल चौथ्या सत्राच्या शेवटच्या फेरीतही पहिल्या फेरीइतकेच वर होते. खडखड पूर्ण गेली आहे, आणि तिसऱ्यावरून चौथ्यात जाताना गिअर आता अडखळत नाही.

डावीकडे नारिंगी पट्टा अर्धवट पिवळा पडलेला दिसला तेव्हा आधी पॅडवर संशय घेतला. चाक काढल्यावर कारण सापडले. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर पाइपला घासत होता, आणि त्याने हाताच्या पंजाएवढी फाट पाडली होती. निम्मी हवा चाकाच्या खोबणीतच सांडत होती. पिट्समध्ये गाडी वळवून लावतानाच हे झाले असणार, कारण धावताना स्टिअरिंग तेवढे वळत नाही. उजवीकडचा पाइप मी आतल्या बाजूने, अँटी-रोल बारच्या वरून नेला आहे. डावीकडे तोच मार्ग घ्यायचा तर वॉशरच्या पाण्याची टाकी सरकवावी लागेल. पुठ्ठ्याचा पाचवा नमुना कापून ठेवला आहे, आणि जूनच्या दिवसापूर्वी स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाइपवर खडूची खूण उमटते का ते पाहणार आहे.