आयपॉडवर तालीम रेकॉर्ड करताना: माझा अनुभव

"माइक उत्तम आहे, तुमचा तंबोराच नीट लागला नसेल," असं पुण्यातल्या एका दुकानदाराने मला सुनावलं होतं. त्याचा राग अजून आहे. तंबोरा मिरजेतल्या कारागिराचा, जवारी (तारांना झंकार यावा म्हणून घोडीची केलेली घासाई) ताजी काढलेली, लावलेला खुद्द बुवांनी. दोष होता माइकच्या कडेच्या एका सरकत्या बटणात.

गोष्ट २००७ च्या सुमाराची. मिरजेला बुवांकडे ख्यालाची तालीम चालू होती. घरी रियाजाला बसलं की बंदिश आठवायची, पण बुवांनी घेतलेली नेमकी जागा, म्हणजे सुरांचं खास वळण, निसटायची. रेकॉर्डिंगला त्यांनी लगेच होकार दिला. "बाहेर कुणाला द्यायचं नाही" एवढीच अट. घरात पाचव्या पिढीचा ३० जीबीचा आयपॉड होता. त्याच्या खालच्या खाचेत बसणारा स्टिरिओ माइक आणला. तो जोडला की पडद्यावर रेकॉर्डिंगचा पर्याय आपोआप येतो.

घरी येऊन ऐकलं, तर बुवा थांबले की तंबोरा फुगत वर यायचा. त्यांचा तार षड्ज लागला की तोच तंबोरा दबायचा आणि मग सावकाश परत चढायचा. शिवाय मधून मधून बारीक घर्रर्र. बुवांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, हा तंबोरा धाप लागल्यासारखा का वाजतोय?"

मग दुकानाच्या फेऱ्या. आधी बिल आणा. मग माइक ठेवून जा, बघतो. मग मोठ्या कुरकुरीने बदलून दिलेला माइक, आणि त्यातही तेच. शेवटी सल्ला काय, तर आयपॉडच दुरुस्तीला टाका! काउंटरवरच्या एकानेही ते रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं नाही.

उत्तर मला घरीच सापडलं. नुसता तंबोरा छेडत रेकॉर्डिंग लावलं आणि मधेच जोरात टाळी वाजवली. टाळीनंतर तंबोरा बुडाला आणि हळूहळू वर आला. म्हणजे माइक स्वतःच आवाजाची पातळी कमी-जास्त करत होता. भाषण किंवा मुलाखत टिपायला ही सोय बरी, पण सतत वाजणाऱ्या तंबोऱ्यासमोर ती गाणं बिघडवते. शांततेत पातळी वर जाते, तेव्हा हार्ड डिस्क फिरल्याचा आवाजही सोबत मोठा होतो. घर्रर्र तिथूनच येत होती. आयपॉड ध्वनी थोडा वेळ मेमरीत साठवतो, मग डिस्क फिरवून त्यावर उतरवतो, आणि माइक तर त्याच डबीला चिकटलेला.

बटण 'ऑटो'वरून हलवून ठरावीक पातळीवर आणलं आणि तंबोरा जागेवर आला. इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी बुवांना फोन केला.

उरलेल्या घर्रर्रवर एकच उपाय: अंतर. माइकच्या जोडणीला बाहेरचा माइक लावायची ३.५ मिमीची खाच असेल तर स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, लांब वायरचा माइक लावा आणि प्लेअर दूर, गोधडीत गुंडाळून ठेवा. ज्यांच्याकडे दुसऱ्या पिढीचा आयपॉड नॅनो आहे त्यांना हा त्रासच नाही. त्यात फिरणारी डिस्क नसते.

जुने, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आयपॉड गाण्यासाठी कुणी देऊ केले तर घेऊ नका. त्यांत ८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आठ हजार नमुने घेऊन, मोनोच रेकॉर्ड होतं. त्यामुळे त्याच्या निम्म्या, ४ किलोहर्ट्झच्या वरचे सूर येतच नाहीत, जवारीचा झंकार जातो. पाचव्या पिढीत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ मिळतं, पण मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. तासाला सहाशेच्या वर. एक राग संपला की थांबवून सेव्ह करा, म्हणजे फाइल हाताळायला सोपी.

हो, आणि आयपॉडचं घड्याळ आधी नीट लावा. फाइलला तारीख-वेळेचंच नाव मिळतं. घड्याळ चुकलं तर मारवा कुठला आणि पूरिया कुठला, हे शोधत बसावं लागतं. डिस्क म्हणून वापरायची परवानगी चालू केली की संगणकावर 'रेकॉर्डिंग्ज' फोल्डरमध्ये फाइली सरळ दिसतात.

आता फोनवर तालीम टिपणाऱ्यांनीही टाळीची ही चाचणी करावी. फोनच्या बऱ्याच रेकॉर्डरमध्ये ही आपोआप पातळी बदलणारी सोय असते. ती बंद करू देणारं अ‍ॅप शोधा, आणि पातळी ठरवताना बुवांना सर्वांत जोरकस तान घ्यायला सांगा.