तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलावरच्या फोटोतला माणूस

ऑफिसात येणारा प्रत्येक अशील कधी ना कधी विचारतोच, वकीलसाहेब, हे गोल चष्मेवाले कोण, तुमचे गुरू का? मी दरवेळी "जर्मनीतले एक वकील होते" एवढंच बोलून कोर्टात पळतो, कारण तिकडे पुकारा होत असतो. आज नीट सांगतो.

हान्स लिटेन. जन्म 1903चा, वकिली बर्लिनला, आणि अशील म्हणजे बहुतेक कामगार. नोव्हेंबर 1930 मध्ये तिथल्या ईडन डान्स हॉलमध्ये डाव्या कामगारांचा कार्यक्रम चालू असताना नाझी पक्षाच्या एसए या निमलष्करी संघटनेच्या टोळीनं घुसून गोळ्या झाडल्या. जखमींचं वकीलपत्र लिटेनकडे होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं, ही चार पोरांची मारामारी नाही, हे पक्षाचं धोरण आहे, आणि ते सिद्ध करायला त्यानं साक्षीला थेट हिटलरलाच बोलावून घेतलं. 8 मे 1931, मोआबिटचं फौजदारी कोर्ट. हिटलर तेव्हा सत्तेत नव्हता, पण सप्टेंबर 1930च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला 107 जागा मिळाल्या होत्या आणि आम्ही कायद्यानंच चालतो अशी शपथ तो त्याच महिन्यात लाइपझिगच्या कोर्टात घेऊन आला होता. लिटेननं गोबेल्सची एक पुस्तिका पुढे केली, तिच्यात बहुमत नाही मिळालं तर क्रांती करू अशा अर्थाचा मजकूर होता. मग हे कायदेशीर कसं, आणि असं लिहिणाऱ्यालाच तुम्ही पक्षाचा प्रचारप्रमुख कसं केलंत? हिटलर आधी टाळाटाळ करत राहिला, नंतर लाल होऊन ओरडायला लागला. शेवटी न्यायाधीशांनीच ते प्रश्न थांबवले. आपल्या भाषेत सांगायचं तर हा उलटतपासच, आणि तोही 27 वर्षांच्या वकिलानं घेतलेला.

बाररूममध्ये कुणाला लिटेन माहीत असला तर तो एवढ्यासाठीच. पण फोटो मी त्यासाठी लावलेला नाही.

हिटलर सत्तेवर आल्यावर मित्र लिटेनला देश सोड म्हणत होते. लाखो कामगारांना जाता येत नाही मग मी कसा जाऊ, असं म्हणून तो थांबला. 28 फेब्रुवारी 1933ला, राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास त्याला उचललं. मग एकामागून एक तुरुंग आणि छावण्या. मारून मारून नाझींना त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती, फेल्झेनेक नावाच्या जुन्या खटल्यातल्या त्याच्या अशिलांनी त्याला विश्वासानं काय सांगितलं होतं ते. त्या भानगडीत एसएचा एक माणूस मेला होता. ऑगस्ट 1933 मध्ये तो मोडला. त्यांना हवं तसं बोलला.

आणि मग त्यानं गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, पत्र लिहिलं, की मी जे सांगितलं ते छळामुळे सांगितलं, ते खरं नाही, मी ते मागे घेतो. या पत्रानंतर आपलं काय होणार हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणून त्यानं जीव द्यायचाही प्रयत्न केला, पण वाचला, आणि पुढची साडेचार वर्षं त्याच हातांत राहिला.

माझा जीव त्या पत्रात अडकलाय. अशिलानं सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, हे आपल्याकडेही आहेच, जुन्या पुरावा कायद्याचं कलम 126. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ करतो. पण तुम्ही जेव्हा दार लोटून घेता, आवाज खाली आणता आणि घरात बायकोलाही न सांगितलेलं मला सांगता, तेव्हा त्या कलमाची किंमत एखाद्यानं किती मोजलीय ते मला समोर दिसायला हवं असतं. तो मोडला हे मला कमीपणाचं वाटत नाही, उलट त्यामुळेच तो मला जवळचा वाटतो.

त्याची आई, इर्मगार्ड, पाच वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होती. मोठमोठ्या लोकांकडून शब्द टाकून बघितला, काही उपयोग झाला नाही. त्या बाईंवर कधीतरी वेगळं लिहायला हवं.

आज बर्लिनला त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावर वकिलांच्या संघटनेची इमारतही त्याच्याच नावाची आहे.

5 फेब्रुवारी 1938ला डाखाऊच्या छावणीत तो फासाला लटकलेला सापडला. वय 34. तुम्ही बघता तो फोटो अटकेच्या आधीचा आहे.